क्यूईएमयूकडून सीबायोसला डिस्कची जिऑमेट्री कशी कळवावी: जुन्या डॉस डिस्क व्हर्च्युअल मशीनवर चालवणाऱ्यांसाठी

जुन्या पीसीच्या डिस्कची इमेज काढली, चेकसम जुळला, इमेज क्यूईएमयूला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) जोडली, आणि पडद्यावर एकच ओळ आली: ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’. अशा वेळी बहुतेक जण इमेजलाच दोष देतात आणि आधीच थकलेली डिस्क पुन्हा वाचायला बसतात. ते करू नका. इमेज बहुधा अगदी बरोबर आहे. तिच्यावरचे पत्ते ज्या मोजणीने (जिऑमेट्रीने) लिहिले होते ती मोजणी नव्या बायोसला, म्हणजे क्यूईएमयूसोबत येणाऱ्या सीबायोस या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, माहीत नाही, एवढंच झालेलं असतं.

नागपुरात हे काम अजून बरंच निघतं. कळमन्याकडचा धरमकाटा, वाडीतलं एखादं गोदाम, हिंगणा एमआयडीसीतलं मशीन शॉप, महालातला छापखाना: कुठे ना कुठे डॉसवर चालणारा एखादा प्रोग्रॅम आजही रोजचा हिशेब सांभाळतो. तो लिहिणारा माणूस आता सापडत नाही, सोर्स कोड नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ती वीस-पंचवीस वर्षांची डिस्क पुढचा उन्हाळा काढेल याची खात्री नसते. म्हणून ती व्हर्च्युअल मशीनवर आणणं हे खरोखर गरजेचं काम आहे आणि ते नीट व्हायला हवं.

लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत (0, 1, 2) टंकायच्या.

मोजणी म्हणजे नेमकं काय

डॉसच्या काळात प्रोग्रॅम डिस्कवरचा सेक्टर मागायचा तो सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी. ही मागणी बायोसच्या आयएनटी १३ या इंटरप्टकडे (बायोसला हाक मारायच्या सोयीकडे) जायची. डिस्कला (आणि क्यूईएमयूच्या इमेज फाइलला) मात्र सलग क्रमांकच लागतो: ०, १, २ असा शेवटपर्यंत. एकातून दुसऱ्यात जायचं सूत्र असं:

सलग क्रमांक = (सिलिंडर × एकूण हेड + हेड) × ट्रॅकमागे सेक्टर + (सेक्टर − १)

सिलिंडर आणि हेड शून्यापासून मोजतात, सेक्टर एकपासून. सूत्रातले ‘एकूण हेड’ आणि ‘ट्रॅकमागे सेक्टर’ हे दोन आकडे बायोस ठरवतो. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात ‘दुसरी ओळ, पहिली खुर्ची’ असं तिकीट घेऊन गेलात आणि खुर्च्यांवर फक्त सलग क्रमांक असतील, तर एका ओळीत ३२ खुर्च्या धरणारा माणूस तुम्हाला ३३ व्या खुर्चीवर बसवेल आणि ६३ धरणारा ६४ व्या. खुर्ची जागची हलली नाही, तिकीटही खरंच आहे.

आयएनटी १३ मध्ये सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६ बिट मिळतात. म्हणजे जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर आणि ६३ सेक्टर. हेड २५६ बसतात, पण डॉसला २५६ झेपत नसल्याने व्यवहारात २५५. आयडीई (पीसीला डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) डिस्कवर हेडची मर्यादा १६. दोन्ही मर्यादा एकत्र पाळल्या तर १०२४ × १६ × ६३, म्हणजे ५०४ मेबीबाइटवर सगळं थांबतं. या भिंतीपलीकडे जायला बायोसवाल्यांनी रूपांतर आणलं: डिस्क सांगते ती भौतिक जिऑमेट्री वेगळी, आणि बायोस डॉसला दाखवतो ती तार्किक जिऑमेट्री वेगळी. हे रूपांतर कसं करायचं याबाबत सगळ्यांचं कधीच एकमत नव्हतं. बसलॉजिकची स्कझी (डिस्क जोडायची दुसरी पद्धत) कार्डं विस्तारित रूपांतरात १ जीबीपर्यंत ६४ हेड आणि ३२ सेक्टर धरत, १ ते २ जीबीला १२८ आणि ३२, आणि त्यापुढे २५५ आणि ६३. काही लॅपटॉपचे बायोस २४० हेड धरत. ज्या बायोसखाली डिस्कचं पार्टिशन झालं, त्याची मोजणी पार्टिशन टेबलमध्ये आणि बूट सेक्टरमध्ये कायमची कोरली गेली.

क्यूईएमयू आणि सीबायोस आपापसात काय बोलतात

आज्ञेत काही सांगितलं नाही, तर क्यूईएमयू आयडीई डिस्कसाठी अंदाज करतो. तो पार्टिशन टेबल वाचतो, पार्टिशनच्या शेवटच्या हेडमध्ये एक मिळवतो, शेवटचा सेक्टर घेतो, आणि त्यावरून मूळ मोजणी ओळखू पाहतो. कल्पना चांगली आहे. पण हेड १६ पेक्षा जास्त निघाले की हा अंदाज तो पुढे पाठवत नाही. भौतिक जिऑमेट्री आकारावरून बनवतो (१६ हेड, ६३ सेक्टर) आणि सीएमओएसच्या (बायोसच्या सेटिंग ठेवणाऱ्या छोट्या मेमरीच्या) ३९ हेक्स (सोळा-आधारी आकडा) या जागी फक्त दोन बिट लिहितो: रूपांतर नको, की एलबीए, लार्ज, रीसीएचएस या ठरलेल्या तीन प्रकारांपैकी एक. चार डिस्क, प्रत्येकी दोन बिट. एवढ्या जागेत १२८ आणि ३२ हे आकडे मावूच शकत नाहीत. सीबायोस ते दोन बिट वाचून स्वतः गणित करतो, आणि त्यात ट्रॅकमागे सेक्टर ६३ च येतात. स्कझी आणि व्हर्टआयओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठीच्या) डिस्कसाठी तर हे दोन बिटही नाहीत. तिथे सीबायोस रूपांतर स्वतःच ठरवतो.

म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या क्यूईएमयू ४.२ आणि सीबायोस १.१३ या आवृत्त्यांमध्ये सरळ वाट तयार झाली. डिस्क डिव्हाइसला तीन नवे गुणधर्म मिळाले: एलसिल्स, एलहेड्स आणि एलसेक्स. सुरुवातीचा ‘एल’ लॉजिकलचा. तुम्ही दिलेले आकडे क्यूईएमयू ‘बायोस-जिऑमेट्री’ नावाच्या फाइलमध्ये लिहितो. ही फाइल एफडब्ल्यू-सीएफजी या यंत्रणेतून फर्मवेअरला (इथे सीबायोसला) मिळते. पीसीवर तिचे पोर्ट ५१० आणि ५११ हेक्स. फाइल साध्या मजकुराची असते, प्रत्येक डिस्कची एक ओळ: आधी डिव्हाइसचा मार्ग, मग सिलिंडर, हेड, सेक्टर. सीबायोस प्रत्येक डिस्कचा मार्ग या ओळींशी ताडून पाहतो, आणि जुळला की स्वतःचं गणित बाजूला ठेवून तुमचेच आकडे घेतो.

पायरी १: मूळ मशीन जिवंत असेल तर आधी त्यालाच विचारा

डिस्क बाहेर काढण्यापूर्वी जुना पीसी चालू होत असेल तर सर्वांत विश्वासू उत्तर त्याच्याच बायोसकडे आहे. डॉसमध्ये डीबग हा प्रोग्रॅम असतो. तो चालू करा आणि हे टंका:

ए १००
एमओव्ही एएच,८
एमओव्ही डीएल,८०
आयएनटी १३
आयएनटी ३

मग रिकामी एंटर देऊन बाहेर या आणि ‘जी’ टंका. प्रोसेसरची रजिस्टर दिसतील. डीएक्सचा वरचा बाइट म्हणजे सर्वांत मोठा हेड क्रमांक. त्यात एक मिळवला की एकूण हेड. सीएक्सच्या खालच्या बाइटचे शेवटचे सहा बिट म्हणजे ट्रॅकमागे सेक्टर. सिलिंडर इथून घेऊ नका, कारण अनेक बायोस शेवटचा सिलिंडर राखून ठेवतात आणि आकडा एकाने कमी येतो. पडद्याचा मोबाइलने फोटो घ्या. कंट्रोलर कार्ड स्कझी असेल तर त्याचाही घ्या.

पायरी २: इमेज काढा, आणि मूळ इमेजला हात लावू नका

जुन्या डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा, मॅप फाइलसकट. साधी डीडी आज्ञा वाचन-चूक आली की थांबते, आणि चूक ओलांडून जाण्याचा पर्याय दिला तरी कुठे काय राहिलं याची नोंद उरत नाही. इमेज संपूर्ण डिस्कची हवी, एका पार्टिशनची नव्हे. झाल्यावर फाइल फक्त वाचनीय करा, चेकसम लिहून ठेवा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा. डिस्क वाचायचं काम सकाळी, खोली थंड असताना केलेलं बरं.

पायरी ३: इमेजमधून जिऑमेट्री शोधा

इथे वेळ द्या. तीन आकडे बरोबर निघाले की बाकी सगळं टंकण्यापुरतं उरतं.

उदाहरणाला १.५ गिबीबाइटची डिस्क घेऊ: ३१,४५,७२८ सेक्टर, एक फॅट१६ (डॉसची फाइल मांडायची पद्धत) पार्टिशन, मुळात बसलॉजिक कार्डाखाली बनवलेली. पहिल्या सेक्टरमध्ये ४४६ व्या बाइटपासून पार्टिशन टेबल सुरू होतं, १६ बाइटच्या चार नोंदी. एक्सएक्सडी किंवा कोणत्याही हेक्स व्ह्यूअरने पाहिलं तर पहिली नोंद अशी दिसेल:

८० ०१ ०१ ०० ०६ ७एफ ए० एफई २० ०० ०० ०० ई० ईएफ २एफ ००

८० म्हणजे बूट होणारं पार्टिशन. पुढचे तीन बाइट सुरुवात: हेड १, सेक्टर १, सिलिंडर ०. ०६ हा प्रकार, फॅट१६. मग शेवट: हेड ७एफ म्हणजे १२७. ए० मध्ये दोन गोष्टी आहेत: खालचे सहा बिट २० हेक्स, म्हणजे सेक्टर ३२; वरचे दोन बिट सिलिंडरचे. ते पुढच्या एफई बाइटला जोडले की २एफई हेक्स, म्हणजे सिलिंडर ७६६. शेवटचे आठ बाइट सलग क्रमांकांचे, लहान बाइट आधी: सुरुवात ३२, लांबी ३१,४१,६००.

आता सूत्र लावा. सुरुवात ०/१/१ आहे आणि सलग क्रमांक ३२. (० + १) × सेक्टर + ० = ३२, म्हणून ट्रॅकमागे सेक्टर ३२. शेवटचा सलग क्रमांक ३२ + ३१,४१,६०० − १ = ३१,४१,६३१. सूत्रातून (७६६ × हेड + १२७) × ३२ + ३१ = ३१,४१,६३१. सोडवलं की हेड बरोबर १२८ येतात, अपूर्णांक न उरता. अपूर्णांक उरला तर कुठेतरी वाचायला चुकलं आहे, किंवा नोंद विश्वासार्ह नाही. सिलिंडर: ३१,४५,७२८ ÷ (१२८ × ३२) = ७६८.

दुसरा साक्षीदार बूट सेक्टर. पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये, इथे सलग क्रमांक ३२ वर, १८ हेक्स या जागी दोन बाइटांत ट्रॅकमागे सेक्टर आणि १ए हेक्सवर दोन बाइटांत हेड लिहिलेले असतात. इथे २० ०० आणि ८० ०० दिसायला हवं. १सी हेक्सवर पार्टिशनच्या आधीच्या सेक्टरांची संख्या असते, तीही ३२. पार्टिशन टेबल आणि बूट सेक्टर एकच सांगत असतील तर निश्चिंत व्हा. वेगळं सांगत असतील, तर ती डिस्क मधे कधीतरी दुसऱ्या मशीनवर हलवली गेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पायरी १ चं उत्तर मानायचं.

मोठ्या डिस्कवर पार्टिशनच्या शेवटाच्या तीन बाइटांत एफई एफएफ एफएफ दिसलं, तर पार्टिशन १०२४ सिलिंडरांच्या पुढे जातं एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून शेवटचं समीकरण मांडू नका. सुरुवातीचे बाइट आणि बूट सेक्टर वापरा. पार्टिशन २०४८ पासून सुरू होत असेल तर ती नवी पद्धत आहे, आणि तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमला या सगळ्याची सहसा गरज नसते.

पायरी ४: आधी न सांगता चालवून पाहा

लॉग पाहिल्याशिवाय आकडे देणं म्हणजे अंधारात काम. सीबायोस आपला लॉग ४०२ हेक्स या पोर्टवर लिहितो. तो पकडायला आज्ञा अशी:

क्यूईएमयू-सिस्टिम-आय३८६ -मशीन पीसी -एम ६४ -स्नॅपशॉट
-कॅरडेव्ह फाइल,आयडी=लॉग,पाथ=बायोस.लॉग
-डिव्हाइस आयएसए-डीबगकॉन,आयओबेस=०एक्स४०२,कॅरडेव्ह=लॉग
-ड्राइव्ह इफ=नन,आयडी=जुनी,फाइल=काटा.आयएमजी,फॉरमॅट=रॉ
-डिव्हाइस आयडीई-एचडी,ड्राइव्ह=जुनी

स्नॅपशॉट हा पर्याय विसरू नका. त्याने गेस्टचं (व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टिमचं) सगळं लेखन तात्पुरत्या फाइलमध्ये जातं. चुकीच्या मोजणीने डॉस सुरू झालाच आणि काही लिहिलं, तर ते भलत्याच सेक्टरवर पडेल आणि फॅट टेबल उद्ध्वस्त होईल. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येऊन सगळं थांबणं परवडलं. अर्धवट चालणं जास्त घातक. फॉरमॅट=रॉ हेही स्पष्ट लिहा, नाहीतर क्यूईएमयू फॉरमॅट ओळखायचा प्रयत्न करतो आणि सेक्टर ० वरच्या लेखनाला मर्यादा घालतो.

आपल्या डिस्कसाठी लॉगमध्ये ड्राइव्हची ओळ अशी येईल: पीसीएचएस=३१२०/१६/६३ ट्रान्सलेशन=लार्ज एलसीएचएस=७८०/६४/६३. पीसीएचएस म्हणजे भौतिक जिऑमेट्री, एलसीएचएस म्हणजे तार्किक. इथेच रोग दिसतो. मास्टर बूट रेकॉर्डने (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या छोट्या प्रोग्रॅमने) ०/१/१ मागितलं. बायोसने सलग क्रमांक ३२ ऐवजी ६३ वाचला. तिथे बूट सेक्टरच्या शेवटी असते ती ५५ एए ही सही नव्हती. म्हणून तो संदेश. एनटीएफएसच्या जुन्या विंडोजवर याच जातीच्या गोंधळात ‘अ डिस्क रीड एरर ऑकर्ड’ दिसतं.

पायरी ५: आकडे द्या

शेवटची ओळ बदला:

-डिव्हाइस आयडीई-एचडी,ड्राइव्ह=जुनी,एलसिल्स=७६८,एलहेड्स=१२८,एलसेक्स=३२

तिन्ही आकडे द्यायचे. एकही शून्यापेक्षा वेगळा दिसला की सीबायोस तिन्ही होस्टने दिले असं मानतो, आणि वगळलेला आकडा शून्य राहतो. सिलिंडर १०२४ पर्यंत, हेड २५५ पर्यंत, सेक्टर ६३ पर्यंत, आणि तिघांचा गुणाकार डिस्कच्या एकूण सेक्टरांपेक्षा जास्त नको.

‘एल’ नसलेले सिल्स, हेड्स, सेक्स हे गुणधर्मही आहेत, आणि इथे फार लोक घसरतात. ते भौतिक जिऑमेट्रीचे आहेत. आयडीई डिस्कला तिथे १२८ हेड दिले तर क्यूईएमयू सुरूच होत नाही, कारण मर्यादा १६. बायोस-सीएचएस-ट्रान्स हा गुणधर्म ते जुने दोन बिट बदलतो, त्याने ३२ सेक्टर कधीच मिळणार नाहीत.

मूळ डिस्क स्कझी होती म्हणून इथेही स्कझीच हवी असं नाही. डॉस बायोसमार्फत बोलतो, त्याला आयडीई चालते आणि मी तीच सुचवेन. हेच तीन गुणधर्म स्कझी-एचडी आणि व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्कलाही लागू आहेत.

पायरी ६: पोहोचले का ते पाहा

लॉगमध्ये आता ट्रान्सलेशन=होस्ट-सप्लाइड आणि एलसीएचएस=७६८/१२८/३२ हवं. पीसीएचएस ३१२०/१६/६३ च राहील. ते बरोबर आहे. ट्रान्सलेशन अजून लार्ज किंवा एलबीए दिसत असेल, तर लॉगच्या पहिल्या ओळीतली सीबायोसची आवृत्ती पाहा. १.१३ पेक्षा जुना सीबायोस ही फाइल वाचतच नाही आणि तक्रारही करत नाही. क्यूईएमयू नवा असूनही बाहेरून जुनी बायोस फाइल दिलेली असते, असं बऱ्याचदा निघतं.

क्यूईएमयूने काय लिहिलं तेही पाहता येतं. त्याच आज्ञेत मेमरी (-एम) वाढवून, लिनक्सची लाइव्ह सीडी जोडून गेस्ट सुरू करा, क्यूईएमयू-एफडब्ल्यू-सीएफजी हे मॉड्यूल लोड करा आणि सिस डिरेक्टरीतल्या फर्मवेअरखाली, बाय-नेम मध्ये बायोस-जिऑमेट्री शोधून त्यातली ‘रॉ’ फाइल वाचा. मिळेल ते असं:

/पीसीआय@आय०सीएफ८/आयडीई@१,१/ड्राइव्ह@०/डिस्क@० ७६८ १२८ ३२

ही ओळ आहे पण लॉगमध्ये होस्ट-सप्लाइड नाही, म्हणजे अडचण फर्मवेअरकडे. ओळच नाही, म्हणजे आज्ञेत.

डॉस सुरू झाला की पायरी १ चा डीबग पुन्हा चालवा. डीएक्सचा वरचा बाइट ७एफ आणि सीएक्सचा खालचा बाइट ए० यायला हवा. मग स्कॅनडिस्क, दुरुस्ती न करता फक्त तपासणी. नंतर तो धरमकाट्याचा किंवा छापखान्याचा प्रोग्रॅम उघडा, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी नोंद पाहा, आणि मालकालाही पाहू द्या. एवढं झाल्यावरच आज्ञेतला स्नॅपशॉट हा पर्याय काढून टाका.

दोन पुढच्या गोष्टी

इमेज मोठी करायची असेल तर सावध राहा. आकडे न दिलेल्या मशीनवर मोजणी आकारावरून ठरते, त्यामुळे काल चालणारी डिस्क आज बंद पडू शकते. १.५ गिबीबाइटला सीबायोस ६४ हेड धरतो. तीच इमेज ३ गिबीबाइट केली की १२८. बूट सेक्टरमध्ये मात्र ६४ च लिहिलेलं असतं. म्हणून नीट चालणाऱ्या जुन्या मशीनलाही, आकार बदलण्याआधी, लॉगमधले आकडे पाहून ते एलसिल्स, एलहेड्स, एलसेक्सने पक्के करून टाका. पार्टिशन टेबल आणि बूट सेक्टरमधले आकडे बदलून डिस्कच नव्या मोजणीत आणायचा मार्गही काही जण सुचवतात. मी तो घेत नाही. एका ग्राहकाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवर हेक्स एडिटर चालवण्यापेक्षा मशीनच्या आज्ञेत तीन आकडे लिहिणं कितीतरी सुरक्षित आहे, आणि ते कधीही मागे घेता येतं.

लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळायचं साधन) वापरत असाल तर त्याच्या एक्सएमएलमधला जिऑमेट्री टॅग इथे कामाचा नाही. तो भौतिक आकडे आणि रूपांतराचा प्रकार देतो. तार्किक आकडे क्यूईएमयूच्या नेमस्पेसमधल्या ओव्हरराइड विभागातून त्या डिस्कच्या एलियसखाली द्यावे लागतात, प्रकार ‘अनसाइन्ड’. लिबव्हर्ट जुना असेल आणि ओव्हरराइड नसेल, तर डिस्कच क्यूईएमयूच्या कमांडलाइन विभागातून पूर्ण लिहा. मशीन यूईएफआय (बायोसच्या जागी आलेल्या) फर्मवेअरवर असेल तर आयएनटी १३ नसतंच, तिथे हे आकडे कोणी वाचत नाही. डॉससाठी सीबायोसच ठेवा. आणि इमेजच्या शेजारी एक साधी मजकूर फाइल ठेवा: तीन आकडे, एकूण सेक्टर, मूळ कंट्रोलरचं नाव, चेकसम, आणि चालवायची पूर्ण आज्ञा.